घरी आलेले महाराज

“आज घरी काय रांधलं जी?”

माझ्या शिलाईच्या दुकानासमोरून कोणीही जाऊ दे, तो हे विचारल्याशिवाय राहायचा नाही. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? आमच्या सौंदडात माणूस माणसाला भेटला की हेच विचारतो. खरं आहे. पण विचारणाऱ्याच्या अंगावर भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्षांची माळ, आणि ज्याला विचारलं तो नुकताच त्याच्या पायांवरून डोकं उचलत असलेला. अशा थाटाचा माणूस भाजीची चौकशी करायला लागला की समोरचा बावचळायचा. महाराज आपली परीक्षा बघताहेत असं वाटून तो हटकून खोटं बोलायचा.

“काई नाई जी महाराज. साधा भात आन् वरन.”

तो पुढे गेला की हा माझ्याकडे वळायचा. “झिंगे हायेत बे. तलावातले. इथवर वास येऊन राहिला.” आणि डोळे मिटून तो वास घेत बसायचा. फिजीसारख्या बेटावर, चहूकडे समुद्र असताना, चौदा वर्षं या माणसानं मासा तोंडाला लावला नव्हता.

मी त्याला इथं ‘तो’च म्हणणार आहे. सगळं गाव ‘महाराज’ म्हणायचं, आणि त्या एका शब्दानं त्याचं काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नाव मात्र सांगणार नाही. त्याची लेक अजून याच भागात नांदते आहे.

आमची घरं समोरासमोर. तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. घरची धानाची शेती, हाताशी धाकटा भाऊ, बायको, आणि पाळण्यात वर्षाची मुलगी. शेतात त्याचं लक्ष कमीच. त्याला वेड पोथीचं. तो देवळात पोथी सांगायला बसला की चिलीम ओढणारे चिलीम विझवून आत येऊन बसायचे, असा आवाज होता. लढाईच्या आधीची गोष्ट आहे. एका मिशनचे स्वामी गोंदियाला आले होते. समुद्रापलीकडे ऊस तोडायला नेलेली आपली माणसं धर्म विसरत चालली आहेत, त्यांना पोथी सांगायला, लग्नं लावायला, कोणी मेलं तर दोन मंत्र म्हणायला माणूस हवा, असं ते सांगत फिरत होते. हिंदी येणारा हवा. गोंदियाच्या बाजारात वाढलेल्याला हिंदी काय शिकवायचं? पाच वर्षं सेवा आणि मग घर, असं ठरलं.

अडचण एकच होती. तिकडचे लोक भगव्या कपड्यांनाच मानतात, तेव्हा दीक्षा घेऊन जावं लागेल. मिशनच्या माणसानं समजूत घातली, “ही वर्दी समजा. पोलिसाला असते, पोस्टमनला असते. परत आल्यावर खुंटीला टांगा.” यानं ते खरं मानलं. वैनगंगेच्या काठी डोकं भादरून घेतलं आणि दीक्षेच्या रीतीप्रमाणे जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध घातलं. स्वतःच्या हातांनी स्वतःचे पिंड पाडले. घरादाराला आपण मेलो, असा त्याचा अर्थ.

निरोप घ्यायला आला तेव्हा बायकोला म्हणाला, “वर्दी हाये, दुसरं काई नाई.”

तिनं एवढंच विचारलं, “मंग पिंड कायले पाडले?”

वहिनी अडाणी होती, पण त्या सगळ्या मंडळींत नेमका प्रश्न तिलाच सुचला.

पाचाची चौदा वर्षं झाली. मध्ये लढाई आली, बोटी बंद पडल्या, मिशनमधले शब्द देणारे स्वामी वारले, नवे आले त्यांना जुन्या बोलण्याचं काय? देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाल्यावर तार आली, स्वामीजी येत आहेत.

स्टेशनवर काय गर्दी! भजनी मंडळ, हार, बायकांच्या हातांत आरत्या. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याची नजर माणसं शोधायला लागली, पण दिसणार कोण? सगळी वाकलेली. नुसत्या पाठी. धाकट्या भावानं परातीत त्याचे पाय धुतले. मग पंधरा वर्षांच्या एका पोरीला पुढे ढकललं. “पाया पड महाराजायच्या.”

ती पाया पडली. यानं तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तोवर ती रीतीप्रमाणे मागे सरकून हात जोडून उभी राहिली होती. बायको बायकांच्या रांगेत, डोक्यावर पदर, कपाळावर कुंकू. तिनंही लांबूनच नमस्कार केला.

संन्याशानं आपल्या जुन्या घरात राहायचं नसतं. गावानं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, त्याच्यासाठी कवेलूंची झोपडी बांधून ठेवली होती. छपरावर कौलं घालायला भाऊ स्वतः चढला होता, मोठ्या प्रेमानं. जेवणाचं ताट आळीपाळीनं गावातल्या घरांतून जायचं. त्याच्या घराचा दिवस आला की ताट भाऊच न्यायचा. बायको तलावाच्या पाळीकडे कधी फिरकली नाही. फिरकली असती तर गावानं काय बोललं असतं ते मी सांगायला नको.

म्हणून तो माझ्या दुकानात येऊन बसायचा. माझ्यावर प्रेम होतं म्हणून नाही. माझ्या दुकानातून त्याचं अंगण दिसायचं.

“पाह्य बे, थे सूप घेऊन बसली,” तो सांगायचा. “डाव्या हातानंच पाखडते अजून.” मी मशीन चालवत हूं हूं करायचो. त्याची बायको रोज माझ्या डोळ्यांसमोर होती. ती डाव्या हातानं पाखडते हे मला तो येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

फिजीबद्दल विचारलं तर फारसं सांगायचा नाही. एक गोष्ट मात्र दोन-तीनदा सांगितली. आमगावकडची एक म्हातारी तिथं होती. लहानपणी बापाबरोबर गेलेली, मग परतणं झालंच नाही. ती मरत असताना यानं तिचा हात धरला होता. ती याला आपला भाऊ समजली आणि विचारायला लागली, “मले न्यायले आला काय रे?” हा म्हणाला, “हो बाई, गाडी भायेर उभी हाये.” ती हसत गेली.

“लबाडी केली मी,” तो म्हणायचा. “पन माह्या मनात काय आलं सांगू? माहं असं व्हायले नाई पायजे. मी जाईन. मी जित्ता घरी जाईन.”

आणि आला की जिवंत. आता पुढचं ऐका.

पोळा झाला, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली, तसा तो समाजाच्या पंचांपुढे गेला. गावाच्या आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, पंच बसले होते. मी मागे उभा होतो.

“मले घरी जाऊ द्या,” तो हात जोडून म्हणाला. “दंड सांगा, गावजेवन सांगा, गोमूत्र पाजा. काईबी करा. पन मले माह्या घरात जाऊ द्या.”

पंचांतला सर्वांत म्हातारा पुढे सरकून बसला. मग म्हणाला, “महाराज, तुमी तुमच्या हातानं तुमचे पिंड पाडले ना जी?”

“पाडले. पन थे मिशनच्या कामासाठी होतं, बापू. थ्याइनं सांगतलं, वर्दी हाये.”

“वर्दी उतरते. पिंड कसे उचलनार जी?”

दुसरा म्हणाला, “गोमूत्र पापाले चालते महाराज. मेलेल्या मानसाले घरात घ्यासाठी आमच्यापाशी काई नाई.”

त्यांच्या बोलण्यात कुठं कुचेष्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. नकार देऊन झाल्यावर एकेक पंच उठला, याच्या पायांवर डोकं ठेवून “आशीर्वाद द्या” म्हणाला आणि घरी गेला. हा प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत उभा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“एकाले तरी लाथ मारायची होती ना!” मी म्हणालो.

“पाय थ्यायच्याच हातात होते बे,” तो म्हणाला. “मारू कसा?”

आम्ही दोघं हसलो. मग तो हसता हसता खाली बसला. मी त्याला धरून तलावापर्यंत नेलं. वाटेत दोन माणसं पाया पडली.

त्यानंतर एक दिवस तो दुकानात आला आणि म्हणाला, “माह्यासाठी एक सदरा शीव. पांढरा.” मी टेप काढली. खांद्याचं माप घेताना माझा हात लागला तसा तो दचकला. लोकांचे हात त्याला फक्त पायांवर लागायची सवय झाली होती.

सदरा तयार झाला तेव्हा भर दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानाच्या मागच्या पडद्याआड जाऊन त्यानं सदरा घातला, माझं धोतर नेसला, माझी टोपी डोक्यावर घेतली आणि बाहेर येऊन गाठोड्यावर बसला. तेवढ्यात रेंगी नावाची छोटी बैलगाडी हाकणारा एक परगावचा माणूस पाणी प्यायला आत शिरला. वाटेत हा बसलेला. तो याला म्हणाला, “सरक ना बे बुढ्या, रस्त्यात काऊन बसला?”

काय सांगू तुम्हाला! राजाला राज्य मिळालं तरी इतका आनंद होणार नाही. हा उठला, सरकला, वर त्याला गाडग्यातलं पाणी काढून दिलं आणि विचारलं, “आज घरी काय रांधलं जी?”

“वांगे,” तो माणूस म्हणाला. “सुकोटी घातली होती. खारट केली बायकोनं, डोकं फिरलं माहं.” आणि त्या सुक्या मासळीपायी बायकोला चार शिव्या घालून निघून गेला. चौदा वर्षांत त्याला मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर.

तो आनंद टिकला असता तर मी ही गोष्ट हसत संपवली असती. पण त्याच दुपारी वहिनी चोळीचं कापड घेऊन दुकानात आली. याची पाठ तिच्याकडे होती. सदरा, टोपी, तरी तिनं क्षणात ओळखलं. दारातच उभी राहिली.

“काढा थो सदरा,” ती म्हणाली.

तो वळला. “काऊन?”

“पोरीची सोयरीक झाली हाये. अर्जुनी मोरगावकडचे हायेत. मोठं घर हाये, पोरगा चांगला हाये. थ्याइनं स्वामीची पोरगी मांगली. सदरेवाल्याची नाई मांगली.”

वहिनीचा आवाज चढला. “चौदा वरसं लोकं म्हनत होते कुंकू पूस, नवरा पिंड पाडून गेला. नाई पुसलं मी. आता म्हनतात बाई पुन्यवान हाये, स्वामीची हाये. थ्या पुन्याइनं पोरीले घर भेटून राहिलं. तुमी कपडे उतरवले तं थे भ्रष्ट म्हनतीन. पोरीले उंबऱ्यात नाई घेनार.”

“आन् तुले?” त्यानं विचारलं. “तुले काय वाटते?”

वहिनी त्याच्याजवळ आली. हात त्याच्या खांद्यापर्यंत गेला आणि न लागता खाली आला. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, डावा खांदा उतरला हाये याचा. नीट शिवत जा.” आणि चोळीचं कापड मशीनवर टाकून गेली. तो खांदा उतरलेला नव्हता. मी शिवलेला आहे, मला माहीत आहे. त्या सदऱ्याकडे पुढं त्यानं ढुंकून पाहिलं नाही. दोन वर्षं मीच वापरून फाडला.

दुसऱ्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ दुकानात आला. तोही वाईट माणूस नव्हता. पुतणीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं त्यानं. याच्या समोर उकिडवा बसला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला ‘दादा’ म्हणाला.

“दादा, माही पोरगी उजवू दे. मंग पाहू.”

“लगन झाल्यावर कपडे उतरवले तं?”

भावानं मान खाली घातली. “तं थे तिले वापस धाडतीन.”

म्हणजे आता नाही आणि नंतरही नाही. मरेपर्यंत नाही. हे आम्हा तिघांनाही कळलं. मला वाटतं, ‘माही पोरगी’ हा शब्द त्याला जास्त लागला असावा. भावाच्या तोंडून तो सहज गेला होता.

तो भगव्यातच राहिला. लग्न उन्हाळ्यात ठरलं. कन्यादानाला भाऊ आणि भावजय बसणार होते, कारण संन्याशाला कन्यादानाचा अधिकार नाही. चार दिवस आधी तो माझ्याकडे आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पोथी सांगणं त्यानं केव्हाच बंद केलं होतं.

आमच्याकडे लग्नात टिकावन असतं. मांडवात नवरा-नवरीला पाटावर बसवतात आणि एकेक जण पुढे येऊन त्यांचे पाय धुतो, कपाळी तांदूळ लावतो, भांडंकुंडं देतो. आधी घरचे, मग सोयरे, मग गावातलं ज्याला वाटेल ते.

“टिकावन तं शेजारीबी करते ना?” त्यानं मला विचारलं.

“करते.”

“मंग मी शेजारी म्हनून करीन,” तो म्हणाला. “बाप म्हनून नाई मांगत मी. शेजारी म्हनून तं चालंल ना बे?”

नवरा म्हणून घरात यायला निघालेला माणूस होता तो. आता पोरीच्या मांडवात शेजाऱ्याची जागा मागत होता. मी म्हणालो, “चालंल. कोन अडवते पाहू. मी उभा राहीन तुह्या बाजूनं.”

लग्नाच्या दिवशी त्याला मांडवाच्या तोंडाशी खाटेवर बसवलं होतं, खाली घोंगडी, वर छत्री धरायला माणूस. वऱ्हाड आलं ते आधी त्याच्या पायांवर. नवऱ्या मुलाचा बाप तर प्रत्येक पाहुण्याला हाताला धरून आणत होता आणि “आमचे व्याही” न म्हणता “आमच्या सुनेकडचे स्वामीजी” म्हणत होता. तांदळाच्या अक्षता पडल्या. कन्यादान झालं. हा खाटेवरून बघत होता.

टिकावन सुरू झालं. भाऊ-भावजयीनं पाय धुतले, मामा-मामींनी धुतले. मी पितळेचा गडवा दिला. मी बाजूला झालो तेव्हा हा खाटेवरून उतरून माझ्या मागं येऊन उभा होता. त्याच्या हातात पाण्याचा लोटा होता.

मांडवातले लोक बघायला लागले. वाजेवाल्यांचं लक्ष नव्हतं, ते वाजवतच होते. हा पोरीसमोर गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तिच्या पायांकडे हात नेला.

पोरीनं पाय ओढून पाटाखाली घेतले. चेहरा पांढराफटक. “नको जी महाराज, मले पाप लागंल.”

“नाई लागत,” तो म्हणाला. “मी सांगतो ना. मी महाराज हावो ना? माह्या सांगन्यानं नाई लागत. जरासं पानी फक्त.”

ती मान हलवत राहिली. सासरा समोर उभा होता. मग ती पाटावरून उठली आणि सरळ त्याच्या पायांवर पडली. त्या गडबडीत लोटा कलंडला आणि पाणी मांडवाच्या मातीत गेलं. सासऱ्यानं दोन्ही हात वर करून “महाराज की जय” म्हटलं. सगळ्या मांडवानं म्हटलं. किती विनयशील स्वामी, म्हणून म्हातारे डोळे पुसायला लागले.

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होता? मग उठला आणि खाटेवर जाऊन बसला. मी बाजूनं उभा राहीन म्हणालो होतो. उभाच होतो.

पंगती बसल्या तेव्हा खाट रिकामी होती. लोकांना वाटलं, महाराज झोपडीत ध्यानाला गेले. त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा स्वतः ताट घेऊन पाळीकडे गेली. लेक सासरी चालली होती, आता कोण काय बोलतं याची तिला पर्वा नसावी. भरलेलं ताट घेऊन ती परत आली आणि माझ्यापुढे ठेवलं.

“भाऊ, तुमीच जेवा,” ती म्हणाली. “थे गेले.”

मी जेवलो. नंतर कळलं, सडक अर्जुनीच्या ढाब्यावरून तो रायपूरकडे जाणाऱ्या एका ट्रकमध्ये बसला होता. तिथून पुढे कुठं, ते कोणाला कळलं नाही. मिशनला तार केली, त्यांच्याकडेही तो गेला नव्हता. झोपडीत लोकांनी त्याच्या खडावा मांडल्या आणि दर सोमवारी दिवा लावायला लागले. वहिनी त्या दिव्याला कधी गेली नाही. कुंकू मात्र लावत राहिली.

दिवाळीला लेक माहेरी आली. एका सकाळी ती माझ्या दुकानात आली आणि उगाच कापडं चाळत राहिली. मी विचारलं, “काय शिवाचं हाये बाई?”

“काई नाई, काका.” मग कापडाकडेच बघत म्हणाली, “थ्या दिवशी तुमी जवळच उभे होते ना?”

“होतो.”

“सासरे पाहून राहिले होते म्हनून मी पाय घेतले. मले माहीत होतं ना थे कोन होते.” ती थांबली. “मंग मी थ्यायच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा बाबा म्हनलं. हळूच म्हनलं. पन वाजे सुरू होते. थ्याइले ऐकू गेलं असंल काय, काका?”

मी हातभर अंतरावर उभा होतो. मला काही ऐकू आलं नव्हतं.

“गेलं बाई,” मी म्हणालो. “म्हनून तं थ्यानं तुह्या डोक्यावर हात ठेवला.”

तिला ते पटलं. डोळे पुसून, बरं वाटल्यासारखी होऊन ती घरी गेली. मी मशीनवर बसलो, पण पाय चालेनात. हात तर तो सगळ्यांच्याच डोक्यावर ठेवायचा.